घोयऱ्यासाठी पिंजरा : दहा आठवड्यांच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

पिंजरा आज घरी आला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. चौकट ॲल्युमिनियमची आणि चारही बाजूंना जाळी. १८० डॉलर पडले. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. लेक बारा वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षं तिनं शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, ध्यास घेतलाय. पैदास करणाऱ्या एका गृहस्थाकडे चार महिन्यांचा नर ठरवून ठेवलाय, तो १ मार्चला मिळेल. मधले सात आठवडे मी मुद्दाम मागून घेतले. जनावर घरात आल्यावर त्याच्या डोक्यावर ड्रिल चालवायचं नाही, एवढं पक्कं ठरवलं होतं. काही नोंदींत पुढे काय झालं तेही नंतर भरलंय.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडचा घोयरा हाही शॅमेलिऑनच, पण त्याची जात वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे, त्यामुळे त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. रस्त्यात दिसला तर काठीनं नाही, मायेनं पलीकडे जाऊ द्यावा. या नोंदी त्याला पाळण्यासाठी नाहीत. आमच्याकडे येणारा आहे तो व्हेल्ड शॅमेलिऑन. तो मूळ येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा, पण इथे विकली जाणारी पिल्लं पिंजऱ्यातच जन्मलेली असतात.

नरच का, हेही लिहून ठेवतो. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओल्या मातीची खोल पेटी द्यावी लागते आणि अंडी अडकली तर जिवावर बेततं. पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

१२ जानेवारी, रविवार

जोडणीला दीड तास लागला. पिंजरा वरच्या मजल्यावर अभ्यासाच्या खोलीत ठेवला. दिवाणखान्यात टीव्ही आणि येणंजाणं, स्वयंपाकघराजवळ फोडणीचा धूर, म्हणून ही खोली. दोन तासांनी चूक लक्षात आली, मी तो थेट जमिनीवर ठेवला होता. माणूस वरून वाकून बघायला लागला की या प्राण्याला तो शिकारी पक्षीच वाटतो. त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर हवी. लाकडी फळ्या आणून २८ इंच उंचीचं स्टँड ठोकलं, त्याला ४२ डॉलर लागले. छतात गरम हवेचं तोंड आहे ते नेमकं पिंजऱ्यावर येत होतं, म्हणून सगळंच चार फूट सरकवलं.

१८ जानेवारी, शनिवार

फांद्या. इथल्या राखीव वनांतून लाकूड उचलायला मनाई आहे. शेजाऱ्यांच्या परसातला मेपल वादळात मोडला होता, त्यांना विचारून त्याच्या फांद्या आणल्या. लेकीनं आणखी एक सुंदर वळणाची फांदी शोधून आणली, पण ती चिडाची (पाइनची) निघाली. बोटाला चीक लागला. डिंकाळ, उग्र वासाची लाकडं नकोत, म्हणून ती नाकारली. ती हिरमुसली, पण स्वतः वास घेऊन बघितल्यावर तिला पटलं.

ओव्हनमध्ये मावतील त्या फांद्या १२० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवल्या. लांब फांद्या मोरीत उभ्या धरून त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं, ब्रशनं घासल्या आणि आठवडाभर वाळवल्या. साल काढली नाही, मुद्दाम. त्याचं कारण पुढे ९ मार्चच्या नोंदीत येईल.

जाडीबद्दल थोडं. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन गटांत जुळलेली असतात, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन. पाय चिमट्यासारखा फांदीला धरतो. पंजानं फांदीला बराचसा वेढा घालता यायला हवा. पिल्लाला पेन्सिलीएवढी डहाळी लागते, वाढलेल्या नराला अंगठ्याएवढी. मी सगळ्या जाडीच्या ठेवल्या. आडव्या जास्त, तिरक्या कमी, उभ्या फक्त दोन.

२० जानेवारी, सोमवार

रात्री दोन वाजता धाडकन आवाज आला. दोन कुंड्या मी आकड्यांनी थेट जाळीला टांगल्या होत्या. जाळी चौकटीच्या खाचेतून निसटली आणि दोन्ही कुंड्या खाली आल्या. माती खोलीभर. आत प्राणी असता तर काय झालं असतं, या विचारानं परत झोप लागली नाही.

जाळी वजन पेलत नाही, वजन पेलते ती चौकट. आतून दोन्ही बाजूंना तीन-तीन उंचींवर आडव्या लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि त्यांची टोकं चौकटीच्या उभ्या दांड्यांत स्क्रूनं कसली. आता कुंड्या आणि फांद्या सगळं या पट्ट्यांवर, प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्यांनी आवळलेलं. बांधल्यावर उरलेलं टोक कापताना धार राहते, ती नेलकटरनं बुडाशी कापून घासली. जाळी पुन्हा खाचेत बसवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. खिळे-स्क्रू-पट्ट्या मिळून ३५ डॉलर.

२५ जानेवारी, शनिवार

झाडं आणली. मनीप्लांट तीन, शेफ्लेरा एक, जास्वंद एक. ७० डॉलर. ही जात किड्यांबरोबर पानंही खाते, त्यामुळे झाड निवडताना शोभेआधी तो प्रश्न येतो. नर्सरीतून आणलेल्या झाडावर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी धुतलं, मुळांची माती झटकली आणि साध्या मातीत पुन्हा लावलं. नर्सरीच्या मातीत पांढरे हलके गोळे असतात, ते प्राणी गिळू शकतो, म्हणून तीही माती टाकून दिली.

शेफ्लेराच्या पानांच्या बगलेत कापसासारखं काही दिसलं. भिंग लावून बघितलं, पिठ्या ढेकूण. आमच्या मामांच्या डाळिंबावर बघितलेला, त्यामुळे लगेच ओळखला. औषध मारायची सोय नाही, कारण ते पान उद्या कोणाच्या तरी पोटात जाणार. स्पिरिटचा बोळा फिरवून बघितला. चार दिवसांनी पुन्हा तेच. झाड टाकून दिलं, दुसरं आणलं आणि ते महिनाभर दुसऱ्या खोलीत वेगळं ठेवलं. नवीन झाड थेट पिंजऱ्यात नको.

१ फेब्रुवारी, शनिवार

दिवे. अतिनील किरणांसाठी टी-५ प्रकारची लांब नळी घेतली, सहा टक्के अतिनील-बी किरणांची, फिटिंगसकट ९५ डॉलर. वळणाचे छोटे बल्ब स्वस्त मिळतात, पण त्यांचा पट्टा अरुंद असतो आणि प्राण्याला एकाच जागी बसावं लागतं. हे किरण नसले तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि हाडं वाकतात. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या किती तरी शॅमेलिऑनचं दुखणं हेच असतं. इथे पैसे वाचवू नयेत.

ओळखीतल्या एकांकडे किरणं मोजायचं यंत्र आहे, ते दोन दिवसांसाठी आणलं. जाळीखाली पाच इंचांवरच्या फांदीवर अतिनील निर्देशांकाचा आकडा पाचाच्या वर गेला. हवा होता तीनच्या आसपास. फांदी खाली घेतली, नऊ इंचांवर बरोबर तीन आला. मी समाधानानं पट्ट्या आवळत होतो, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, पण त्याची पाठ फांदीवर नसते ना, वर असते." खरंच होतं. मोठ्या नराची पाठ फांदीपासून दोन-तीन इंच उंच येते. यंत्र फांदीच्या वर तेवढं धरून पुन्हा मोजलं आणि फांदी आणखी दोन इंच उतरवली. सगळ्या जोडणीतली सगळ्यात मोलाची दुरुस्ती तिचीच.

उबेसाठी ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब. तो छताच्या जाळीवर टेकवून तासभर लावला आणि जाळीला तारेचा थर्मामीटर चिकटवला. ६४ अंश. हे प्राणी छताला उलटे लटकतात, डोक्यावरचा तुरा तिथेच भाजतो. चार इंच उंचीचा लोखंडी ठोकळा करून बल्ब त्यावर चढवला. आता जाळी ३८ आणि उबेच्या फांदीवर २९. तळाशी २१ ते २२. थंड कोपरा नसला तर त्याला गरम झाल्यावर जायला जागा नाही, म्हणून तळाचा आकडाही रोज लिहितोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस वाईट गेला, म्हणून ही नोंद लांब.

शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला की तो पितो. त्यामुळे फवारा लागतोच. पंप, टायमर, नळ्या आणि दोन नॉझल, १६५ डॉलर. काल रात्री जोडलं. सकाळी सातला दोन मिनिटं, दुपारी दोन मिनिटं, संध्याकाळी दोन मिनिटं. टायमर लावून झोपलो आणि सकाळी बाजाराला गेलो. बारा वाजता परत आलो तर खालच्या दिवाणखान्याच्या छतावर ताटलीएवढा पिवळा डाग.

कारणं तीन निघाली. पहिलं, एका नॉझलचं तोंड दर्शनी जाळीकडे होतं, अर्धं पाणी बाहेरच उडत होतं. दुसरं, पिंजऱ्याच्या तळाचा प्लास्टिकचा पत्रा मध्ये सपाट वाटतो, पण कुंड्या ठेवल्यावर तो मागच्या डाव्या कोपऱ्याकडे दबतो. निचऱ्याचं भोक मी मधोमध पाडलं होतं, म्हणजे पाणी भोकाकडे येतच नव्हतं. तिसरं, टायमर नीट बसला नव्हता आणि सकाळचा फवारा दोनऐवजी वीस मिनिटं चालला. याला मीच जबाबदार. जनावर, झाड, यंत्र, कोणतंही असो, पहिल्या दिवशी समोर बसून बघायला हवं होतं.

लाकडी जमिनीच्या तीन फळ्या फुगल्या. पुसून, पंखा लावून ठेवलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

निचऱ्याची दुरुस्ती. कुंड्या जागेवर ठेवूनच तळात एक लिटर पाणी ओतलं आणि ते कुठे जमतं ते बघितलं. भोक तिथे. जुनं भोक सिलिकॉननं बुजवलं. समोरच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी मारून पूर्ण पिंजरा जरासा मागे कलता केला. भोकात रबरी नळी, नळीखाली स्टँडच्या आत २० लिटरची बादली. नॉझल दोन्ही मागच्या कोपऱ्यांतून झाडांवर रोखले.

मग मोजमाप. एक नॉझल मापाच्या भांड्यात मिनिटभर सोडला तर ८० मिलिलिटर पाणी पडलं. दोन नॉझल, दोन मिनिटं, तीन वेळा, म्हणजे दिवसाला ९६० मिलिलिटर, जवळपास लिटरभर. बादली महिन्याला दीड वेळा भरणार. दर रविवारी ओतायची असं कॅलेंडरवर लिहिलं. हा हिशोब मला आठवडाभर आधी करता आला असता.

नळाच्या पाण्यानं दोनच दिवसांत पानांवर पांढरे ठिपके पडले. क्षारांनी नॉझलही तुंबतात, म्हणून क्षार काढलेलं पाणी वापरायला लागलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इथल्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी हवा सगळी ओल शोषून घेते. खोलीत आर्द्रता २२ टक्के. पिंजऱ्यात दिवसा २८, रात्री ३४. जाळीच्या पिंजऱ्यात ओल राहातच नाही. पाठ आणि दोन्ही बाजू पारदर्शक प्लास्टिकनं झाकल्या, समोर आणि वर जाळी मोकळी ठेवली. खालून हवा शिरते, वर ऊब असल्यानं वरून निघून जाते. ३० डॉलर.

धुक्याचं यंत्र घेतलं, ४० डॉलर. सुरुवातीला ते दिवसा लावत होतो, कारण दिसायला सुंदर दिसतं. ते चूक. गरम हवा आणि साचलेली ओल एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. दिवसा कोरडं-उबदार, रात्री थंड-ओलं, असं पाहिजे. आता धुकं रात्री एक ते पहाटे पाच. तेव्हा खोली १७-१८ अंशांवर येते आणि पिंजऱ्यात आर्द्रता ८५ पर्यंत चढते. सकाळी अकरापर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत, नाही झाली तर संध्याकाळचा फवारा कमी करायचा. खिडकीच्या चौकटीत बुरशीचे दोन काळे ठिपके आले, म्हणून धुक्याचं तोंड खिडकीपासून वळवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रिकामा पिंजरा आठवडाभर जसा चालायचा तसा चालवला. मनीप्लांटला नवी पानं फुटली. जास्वंदीनं मात्र जवळजवळ सगळी पानं टाकली. अतिनील नळीच्या उजेडावर तिचं भागत नाही. झाडांसाठी वेगळा पांढरा एलईडी लावला, तोवर उशीर झाला होता. जास्वंद खिडकीत हलवली, आता उन्हाळ्यात बाहेर काढू.

आज एक तपासणी केली, ती सगळ्यांनी करावी. उजव्या हाताची दोन बोटं फांदीवर ठेवून तळापासून वरपर्यंत चालत गेलो, बोटं उचलायची नाहीत या अटीवर. दोन ठिकाणी रस्ता संपला. एका फांदीचं टोक पुढच्या फांदीपासून आठ इंच लांब होतं. बाहेरून बघताना ते जुळल्यासारखंच दिसत होतं. दुसरीकडे संध्याकाळी झोपायला जायच्या दाट पानांपर्यंत एकही डहाळी पोचत नव्हती. दोन बारीक फांद्या घालून रस्ते जोडले. उबेच्या फांदीवरून पाण्याच्या पानांकडे, तिथून सावलीकडे, तिथून झोपायच्या जागी. कुठेही जमिनीवर उतरावं लागू नये.

१ मार्च, शनिवार

आला. पोटावर पट्टे, ४६ ग्रॅम, किंमत १२० डॉलर. कापडी पिशवीत, डब्यात, माझ्या कोटाच्या आत धरून गाडीपर्यंत आणला. पिंजऱ्याचं दार उघडून हात आत धरला आणि थांबलो. अकरा मिनिटं तो बोटावरच होता, गडद, जवळजवळ काळपट. मग एक पाय पुढे टाकला, अंग मागेपुढे झुलवलं, पुन्हा थांबला. वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखं ते झुलणं मी शेवटचं सांगोल्याकडे बाभळीखाली, शाळेत असताना बघितलं होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "अरे, घोयऱ्याचा वारा लागतो, विष असतं त्याला." विष मुळीच नसतं. तिला ते समजावून सांगितलं, नातीनंही सांगितलं. शेवटी आईनं विचारलं, "बरं, खातो काय?"

समोरून चादर टाकून तीन बाजूंनी आडोसा केला आणि खोलीतून बाहेर पडलो.

४ मार्च, मंगळवार

दोन दिवस काही खाल्लं नाही. लेक काळजीत. पैदास करणाऱ्यांना विचारलं तर त्यांनी आठवडाभर हात लावू नका म्हणून सांगितलं. आज सकाळी सातच्या फवाऱ्याला आम्ही दोघं दाराआडून बघत होतो. फवारा सुरू झाल्यावर तो आधी मागे सरला. मिनिटभरानं मनीप्लांटच्या पानाच्या टोकाशी एक थेंब जमला, लांबत गेला. त्याचा एक डोळा त्या थेंबाकडे वळला, दुसरा अजून आमच्याकडेच. मग दुसराही वळला. त्यानं तोंड पुढे करून पानाचं टोक ओठांत धरलं आणि घसा हलायला लागला. सहा मिनिटं पीत होता. फवारा दोन मिनिटांनी थांबला, पण पानं निथळत राहिली म्हणून त्याला पिता आलं. झाडं हवीत ती याच्यासाठीसुद्धा. प्लास्टिकच्या गुळगुळीत पानांवरून पाणी पटकन पळतं.

दुपारी पहिला नाकतोडा खाल्ला. किडे मोकळे सोडत नाही, खोल वाटीत ठेवतो. रात्री मोकळे राहिलेले किडे झोपलेल्या प्राण्याला चावतात.

९ मार्च, रविवार

तीन दिवस तो सारखा समोरच्या जाळीवर चढत होता. नखं अडकून एक तुटलं, थोडं रक्त आलं. आधी वाटलं गरम होतंय, पण तळाचे आकडे ठीक होते. मग शेजारी बसून पाहिलं. समोरच्या बाजूला मी घाईत एक दुकानातला गोल, रंधलेला दांडा लावला होता. त्यावर पाय ठेवला की पंजा घसरायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा घसरायचा. तीन प्रयत्नांनंतर तो जाळी पकडायचा. सुतळी गुंडाळून बघितली, ती दोन दिवसांत ओली होऊन वास मारायला लागली. दांडाच काढला आणि उरलेली सालीसकट मेपलची फांदी लावली. त्या संध्याकाळपासून जाळीवर जाणं बंद. साल न काढण्याचं कारण हे.

१६ मार्च, रविवार

मनीप्लांटची पानं कुरतडलेली दिसतात. शेफ्लेराच्या कुंडीत उतरून माती चाटताना दिसला. कुंड्यांच्या तोंडावर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत दगड पसरले. किड्यांवर साध्या कॅल्शियमची भुकटी रोज, ड जीवनसत्त्वाची महिन्यातून दोनदा.

२३ मार्च, रविवार

वजन ५८ ग्रॅम. विष्ठेचा पांढरा भाग पांढराच आहे, पिवळा-केशरी नाही, म्हणजे पाणी पुरतंय. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर पाऊण तासावर आहेत, त्यांच्याकडे पहिली तपासणी करून आणली.

प्राण्याचे १२० सोडून खर्च: वर लिहिलेले सगळे आकडे, थर्मामीटर-आर्द्रतामापकाचे २५ आणि दिवाणखान्याचं छत रंगवायला ६०, एकूण ७४२ डॉलर. जमिनीच्या फळ्या अजून बदलायच्या आहेत. सुरुवातीला मी चारशे धरले होते.

अतिनील नळी दिसायला वर्षानंतरही तशीच पेटते, पण किरणं कमी होतात. फिटिंगवर चिकटपट्टी लावून लेकीनं मार्करनं लिहिलंय: फेब्रुवारी २०२६, बदलणे. संध्याकाळी सातला दिवे विझले तेव्हा तो मागच्या बारीक डहाळीवर, पानांच्या आत, शेपटीचा वेटोळा करून फिक्कट हिरवा होऊन झोपला होता. २२ फेब्रुवारीला जोडलेल्या दोन डहाळ्यांपैकी ती एक.